दुमडलेल्या कोपऱ्याची कार्डं

काकाजी स्क्रीनला बोट लावायचे. समोर चांगला माउस पडलेला असायचा, पण त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ते खुर्ची पुढे ओढायचे, उजव्या हाताचं पहिलं बोट काचेवर टेकवायचे आणि म्हणायचे, "हे पाय," म्हणजे हे पाहा. मग बोट न उचलता डावीकडून उजवीकडे एकेक रकाना ओलांडत जायचे. बोट उचललं की काचेवर तेलकट डाग. तो ते खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचे, म्हणजे तो आणखी पसरायचा.

स्क्रीन माझी असायची. माझा नुसता संताप व्हायचा.

"काकाजी, बोट नका ना लावू. मला दिसतंय कुठली ओळ ते."

"तुले दिसते वं. मले कुठं दिसते? बोट असलं का समजते मले, कोणाच्या घरी हाय मी."

घरी, म्हणे! आम्हाला ती कॉम्प्युटरमधली एक लांबच लांब यादी होती, आडव्या ओळींची आणि उभ्या रकान्यांची. ते मात्र त्या ओळीवर बोट ठेवून थेट कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभे राहायचे. "हिची आई मुकी हाय." "ह्याचा बाप मौद्याच्या प्लांटात ठेकेदाराकडं कामाले जाते." हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल बघा, ज्याला सगळं माहीत असतं आणि ज्याला कुणी काही विचारत नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं नाही, आता इथे लिहून शहाणपणा कशाला मिरवू? सगळे काकाजीच म्हणायचे, तेवढं पुरे.

आमची संस्था नागपुरातली, सिकलसेलच्या पेशंटची. विदर्भात हा आजार समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: रक्तातला आजार, आईबापांकडून येतो, अंग ठणकतं, हाडं दुखतात, रोज गोळी घ्यावी लागते आणि वेळच्या वेळी तपासणी. संस्था गावोगाव शिबिरं भरवते आणि पेशंटना आठवण करून देते. आजार आहे तसा लोकांच्या तोंडाचा धाकही आहे. घरात लग्नाची मुलगी असली की या आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही.

काकाजी तिथे पहिल्यापासून होते. आधी सायकलवर कार्डांचा डबा बांधून सावनेरकडच्या गावांत फिरायचे. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा ती सगळी कार्डं त्यांनी एका बोटानं टाइप करून आत घातली. आठवणीचे फोनही तेच करायचे. फोनवर त्यांचा आवाज इतका चढायचा की मला वाटायचं, फोन खाली ठेवला तरी मौद्यापर्यंत ऐकू जाईल. "राम राम! नागपूरहून काकाजी बोलून राहिलो! बुधवारी या म्हणा शाळेत!" बस. कशासाठी या, ते कधीच नाही.

मी तिथे आले ती कंत्राटावर, कागदपत्रं लिहायला. डॉक्युमेंटेशन म्हणतात त्याला. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सोप्या शब्दांत लिहून ठेवायचं. त्या वर्षी आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेचा कॉम्प्युटर विभाग बघणाऱ्या साहेबांनी, एआयचा एजंट आणला. एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, की त्याला काम सांगायचं आणि पुढचं त्यानं स्वतःच ठरवून करायचं. त्याला यादीत डोकावता यावं म्हणून एक टूल बनवलं होतं. टेबलात कोणते रकाने आहेत, कुठल्यात आकडे, कुठल्यात तारखा, किती जागा रिकाम्या, असं ते त्याला काढून दाखवायचं. आणि त्या टूलबरोबर एजंटनं वाचायचं एक पान होतं, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारं. ते पान मी लिहायचं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा माझा वाचक माणूस नव्हता. माणूस कसा, अर्धं वाचतो, कंटाळतो, शेजाऱ्याला विचारतो. हा वाचक एकही शब्द सोडत नाही आणि लिहिलेलं नाही ते कुणाला विचारत नाही. मला तेव्हा त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं.

सरांची अट एकच: प्रत्येक रकान्याला एक ओळ, सगळं मिळून एक पान. "लांबण लावलीत तर एजंट भरकटतो, मॅडम." आणि रकान्यांचा अर्थ कुणाला माहीत? काकाजींना. म्हणून त्यांची खुर्ची माझ्या टेबलाशेजारी आली, आणि माझ्या काचेवर बोटं उमटायला लागली.

पहिल्याच आठवड्यात एजंटनं चाचणीत शेरा मारला: कितीतरी पेशंटांची जन्मतारीख एक जून आहे, नोंदी संशयास्पद वाटतात. मी काकाजींना वाचून दाखवलं. ते इतके हसले की दुपट्ट्यानं डोळे पुसावे लागले.

"अरे बाप्पा! हे सारे मास्तरांनं पैदा केले ना! बाप शाळेत नाव घालाले गेला, तारीख कोणाले माहीत? मास्तरांनं लिवली एक जून, झाला वाढदिवस." मग स्क्रीनकडे वाकून एजंटलाच म्हणाले, "काहून संशय घेऊन राहिला गा गरिबांवर?"

मी पानात लिहिलं: एक जून ही बहुतेक वेळा अंदाजे तारीख समजावी. सर वाचून खूश. "वा मॅडम! काय बारीक नजर आहे तुमची." मी हसले. काकाजी चार हातांवर बसून डबा उघडत होते. सांगायला हवं होतं ना, की सर, नजर यांची आहे? नाही सांगितलं. मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय. तुम्हीही म्हटलं असतं कदाचित. पण मला तेव्हाच चव लागली, दुसऱ्याच्या माहितीवर शाबासकी मिळवायची, हे खरं आहे.

डब्यातलं मात्र ते एकटे कधी खायचे नाहीत. थंडीत सांभारवडी आणायचे, कोथिंबिरीचं सारण भरून घरी स्वतः तळलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी रायपूरला. नागपूरच्या महाल भागातल्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि चार जणांचा स्वयंपाक करून आणायचे. "खा वं. तुह्या हाताले लिवून लिवून कळ लागली असन." मी खायचे, आणि हात पुसून परत त्यांच्यावर चिडायचे.

कारण माणूस मला आवडायचा, पण त्याचं मध्ये बोलणं मला सोसायचं नाही. एकदा सरांसमोर मी पान वाचत होते. 'मोबाइल: पेशंटचा नंबर.' काकाजी मागून म्हणाले, "पेशंटचा नाही साहेब. लय वेळा तो दुकानवाल्याचा असते, नाहीतर शेजाऱ्याचा. निरोप पोचला का झालं." सर हसले. "मॅडम, जरा कूलरसमोरून उठून गावं बघा एकदा." ते सहज बोलले असतील. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. नागपूरच्या पोरीला गावं बघा म्हणतात! आणि या म्हाताऱ्याला दुसरी वेळ नव्हती का बोलायला!

त्याच दुपारी काकाजींनी मला फ्लॅग-तीनचं सांगितलं.

फ्लॅग-तीन हा टेबलातला शेवटचा रकाना. बहुतेक ओळींत कोरा, मधूनच कुठेतरी एक आकडा. टूल त्याला 'जवळपास रिकामा' म्हणत होतं. मी विचारलं, हे काय? काकाजींनी बोट टेकवलं.

"हे कोपरं हायेत," ते म्हणाले. "कार्डाचे."

मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद घेऊन त्याचा वरचा कोपरा दुमडून दाखवला. कार्डांच्या काळात ज्या घरी आजाराचं नाव उघड घ्यायचं नाही, त्या कार्डाचा कोपरा ते दुमडून ठेवायचे. नव्या माणसाच्या हातात डबा गेला तरी कोपरा बघून त्यालाही कळायचं: इथे दारातून हाक मारायची नाही, शेजाऱ्याकडे बोलायचं नाही, नुसतं 'शिबिर आहे, या' म्हणायचं. कॉम्प्युटरमध्ये कोपरा कुठे दुमडणार? हा रकाना मोकळा दिसला, म्हणून दुमडलेल्या कार्डापुढे त्यांनी एकचा आकडा लिहिला. कुणाला विचारलं नाही, कुठे नोंदवलं नाही. त्यांना वाटलं, दुमडलेला कोपरा कुणालाही कळतो.

"पण काकाजी, लपवून लग्न लावणं बरोबर आहे का?" मी मुद्दाम टोकलं.

"लपवा म्हणतो काय मी? सांगावं ना. सांगाच लागते." ते पहिल्यांदाच जरा कडक बोलले. "पण तिचं तिनं सांगावं. ज्याले सांगायचं त्याले, बसून, नीट. आपण कोण लागलो तिच्या आधी सांगणारे?"

मी वहीत सगळं टिपून घेतलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. तारीख घालून, नीट अक्षरात, 'कोपरा = नाव घेऊ नये' ही ओळ, खाली रेघ मारलेली.

संध्याकाळी पान पूर्ण करायला बसले तेव्हा पान भरलं होतं. फ्लॅग-तीनला दोन-तीन ओळी लागल्या असत्या, म्हणजे दुसरं पान सुरू झालं असतं. सकाळचा राग होताच. दर वेळी यांचं एक नवीन पिल्लू, आपण किती पानं वाढवायची! मी टाइप केलं: 'फ्लॅग-तीन: जुना रकाना. वापरात नाही. दुर्लक्ष करावे.'

पान इंग्रजीत होतं. काकाजींना इंग्रजी अडखळत वाचता यायचं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, पानाकडे बघितलं आणि विचारलं, "कोपऱ्याचं लिवलं ना वं?"

मी म्हटलं, "हो."

हे मी जसं झालं तसं सांगते आहे, कारण इथे बहाणा करायला जागाच नाही. विसरले असं म्हणता येत नाही. समजलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता "हो" म्हटलं. ते "मंग ठीक" म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

एजंट सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं आठवणीचे संदेश स्वतः लिहून पाठवले, मराठीत, सुबक, एकही चूक नाही. प्रत्येकात पेशंटचं नाव, आजाराचं नाव, गोळ्या संपल्याची तारीख आणि शिबिराचं ठिकाण. माझ्या पानाबाहेर तो तसूभरही गेला नव्हता.

मौद्याच्या पलीकडच्या एका गावात त्यातला एक संदेश किराणा दुकानदाराच्या मोबाइलवर गेला. दुकानदार वाईट माणूस नव्हे. इतकी वर्षं त्यानंच काकाजींचे निरोप त्या पेशंटच्या घरी पोचवले होते. त्यानं नेहमीसारखा मोबाइल उघडला, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आजाराच्या नावापर्यंत आल्यावर तो थांबला म्हणे. पण तोवर वाचून झालं होतं.

संदेश जिच्या नावाचा होता, त्या मुलीचं लग्न जमलं होतं. बी.एस्सी. झालेली, गावात मुलांच्या शिकवण्या घेणारी. तिनं मुलाला रविवारी भेटायला बोलावलं होतं, स्वतः सांगायचं म्हणून. संदेश गुरुवारी गेला. शनिवारी मुलाकडच्यांचा निरोप आला की आमचा विचार नाही. आजारापेक्षा लपवल्याचा राग जास्त होता त्यांना. आणि तिनं लपवलेलंच नव्हतं, रविवार यायचा होता एवढंच.

मुलीच्या वडिलांनी ऑफिसला फोन केला. फोन काकाजींनी उचलला. मी बघत होते. नेहमीचा तो चढा आवाज नाही, काही नाही. ते नुसते "हो... हो दादा... हो" म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे न येता स्वतःच्या खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मीटिंग घेतली. तिघंच होतो. सरांच्या हातात माझ्या पानाची प्रत होती.

"इथे स्पष्ट लिहिलंय, वापरात नाही. काकाजी, तुम्ही म्हणता या रकान्याला अर्थ आहे. मग हे मॅडमना सांगितलंच नव्हतं का तुम्ही?"

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी बोलेन म्हणून वाट बघितली त्यांनी, मला ते कळत होतं. माझी वही माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या मांडीवर होती. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"राहून गेलं असन साहेब," काकाजी म्हणाले. "वय झालं आता."

सर बराच वेळ बोलत होते. इतकी महत्त्वाची गोष्ट डोक्यात ठेवून चालतं का, एका माणसाच्या लहरीवर यादी चालते का, असं बरंच. सगळं बरोबरच होतं, फक्त चुकीच्या माणसाला ऐकवलं जात होतं. शेवटी म्हणाले, "काकाजी, तुम्ही आता विश्रांती घ्या." काकाजींनी मान हलवली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. तशा प्रसंगात कोण करणार?

जाण्याआधी ते माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"मले त्या पोरीच्या घरी जायचं हाय," ते म्हणाले. "तू चालतं काय संगं? एकट्याले धीर होऊन नाही राहिला."

एवढं सगळं झाल्यावर हा माणूस माझ्याकडे धीर मागत होता! मी गेले. मौद्याच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. एप्रिलचं ऊन, खिडकीतून भट्टीसारखी हवा. मी दोन-तीनदा सुरुवात केली, "काकाजी, मी..." तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

"राहू दे वं. बसमध्ये रडशील तर लोकं मलेच मारतीन."

मला हसू आलं आणि त्याचबरोबर सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणंच मला अजून छळतं. गाडी थांबवून, कंडक्टरसमोर, भर बसमध्ये सांगायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्या घरी आईनं पाणी आणून ठेवलं आणि एक शब्द न बोलता भिंतीला टेकून बसली. तीच ती मुकी आई. मुलगी समोर बसली. काकाजी तिला ती चार वर्षांची होती तेव्हापासून ओळखत होते. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, तशी ती दचकून पुढे सरकली आणि तिनं त्यांचे हात धरून खाली केले.

"असं नका करू काकाजी. झालं कसं, तेवढं सांगा."

त्यांनी तिला कोपऱ्याचं सांगितलं, आणि तो रकाना बघू नको असं मशीनला लिहून गेल्याचंही. लहानपणापासून तिच्या घरचं कार्ड दुमडलेलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. ती ऐकता ऐकता रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "मंग मशीनले कोणं सांगतलं, का त्याच्याकडं पाहू नको म्हणून?"

मी जमिनीकडे बघत होते. फरशीच्या एका फटीत मुंग्या चालल्या होत्या.

"ऑफिसची चूक हाय, बाई," काकाजी म्हणाले. "ऑफिसात मी होतो. म्हणजे माहीच समज."

पाण्याचा पेला माझ्यासमोर तसाच राहिला. मला तो उचलवेना.

पुढचं सांगायला फार नाही. मी पान दुरुस्त केलं. दुसरं पान लागलं तर लागलं. फ्लॅग-तीनवर चार ओळी लिहिल्या, एकचा आकडा असेल तिथे आजाराचं नाव कुठेही येऊ देऊ नये, संशय असेल तर माणसाला विचारावं. सरांनी शाबासकी दिली. खाली बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथे मी लिहिलं: 'नवी माहिती उपलब्ध झाल्यामुळे.' नवी! लाज वाटायला हवी होती, ती वाटत होतीच, पण लाज वाटली म्हणून कुणी खरं लिहितं असं थोडंच आहे. माझी नोकरी कायम झाली.

काकाजींचे फोन यायचे. "कसं चाललं वं पोरी? तुहा तो एजंट काय म्हणते?" कधी मी उचलायचे, कधी मीटिंगचं निमित्त सांगायचे. सरांना पाठवायची एक मेल मी लिहून ठेवली होती. उघडायचे, एखादा शब्द बदलायचे, बंद करायचे. या दिवाळीनंतर पाठवू, या शिबिरानंतर पाठवू. आपल्याला वाटतं समोरचा माणूस तिथे बसूनच राहणार आहे.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर सरांचा संदेश आला. काकाजी गेले. झोपेतच, त्रास झाला नाही. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली होती. मीही एक पाठवलं आणि परत कामाला लागले. दहा मिनिटांनी मला समोरची स्क्रीन दिसेना.

त्या रविवारी मी मौद्याची बस पकडली, एकटीच. त्या घरी मुलगी शिकवणी संपवून पोरांच्या वह्या रचत होती. मला बघून उभी राहिली. आई चुलीपाशी होती. मी बसलेही नाही. उभ्याउभ्याच सांगितलं: ऑफिसनं नाही, काकाजींनी नाही, मी लिहिलं ते. त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मीटिंगमध्येही गप्प बसले.

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं वह्या खाली ठेवल्या.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी पाणी नाही पेल्या." मग तिनं विचारलं, "काकाजींले बोलल्या होत्या काय हे?"

"नाही. त्यांना माहीत होतं. पण मी बोलले नाही."

"अन् ऑफिसात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मले काहून सांगून राहिल्या?" आता तिचा आवाज चढला. "मी माफ केलं म्हणलं का तुमी जासान घरी, जेवसान, झोपसान. अन् तिथं काकाजींचं नाव तसंच राहीन, का म्हाताऱ्याच्या चुकीनं झालं. माहं काय व्हाचं ते होऊन गेलं. लावा फोन."

"आत्ता? आज रविवार..."

"आत्ता. अन् स्पीकरवर लावा."

आई उठून दारात येऊन उभी राहिली. शिकवणीची दोन पोरं अजून अंगणात होती, शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. मी कुणाला जा म्हटलं नाही. नंबर दोनदा चुकला.

सरांनी उचलला. मागे टीव्हीचा आवाज. मी म्हटलं, "सर, फ्लॅग-तीनबद्दल सांगायचंय." आणि सांगितलं सगळं, वहीचं, 'हो'चं, टोपणाचं, सगळं. अंगणात माझा आवाज मलाच परका वाटत होता. मध्येच टीव्ही बंद झाल्याचं कळलं.

 सरांनी विचारलं, "त्या मीटिंगमध्ये काकाजींना हे माहीत होतं?"

"हो, सर."

"मग ते बोलले का नाहीत? मी त्यांना इतकं बोललो... मॅडम, ते माझ्याशी एका शब्दानं का बोलले नाहीत?"

  मुलीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"नाही बोलले, साहेब," ती म्हणाली. "काकाजी कोणाचंच सांगत नव्हते."